एक ते चार

"मळमळ?" ब्राह्मीने विचारलं.

"एक," शिवांजली म्हणाली.

"चार," मनुबाई म्हणाल्या. "कांदा फोडणीला पडला की उठून भायेर पायरीवर जाऊन बसायचं. मग चार न्हाई तर काय?"

ब्राह्मीने दोन फॉर्मवर दोन आकडे लिहिले. एक म्हणजे त्रास अजिबात नाही, चार म्हणजे खूप. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांचं रोजचं जगणं कसं चाललंय, ते मोजायचा अभ्यास सांगलीच्या त्या हॉस्पिटलात चालू होता. ब्राह्मी त्यासाठी नेमलेली होती. प्रत्येक डोसच्या आधी दोन फॉर्म भरायचे. एक बाईने स्वतःबद्दल, दुसरा घरच्या माणसाने तिच्याबद्दल. प्रश्न तेच. खरं तर दोघांना वेगळं बसवून विचारायचं, पण मनुबाई लेकीला सोडून बसायला कधीच तयार झाल्या नाहीत. ही पाचवी खेप होती. प्रश्न तिघींनाही पाठ होते, म्हणून ब्राह्मी बहुतेकदा नुसता एक शब्द उच्चारायची.

"झोप?"

"एक."

"तीन. परवा बरी लागली व्हती."

मनुबाई सरसकट चार सांगत नसत. आठवून, मोजून सांगत. म्हणून त्यांची उत्तरं लिहिताना ब्राह्मीला बरं वाटायचं.

"केस गेल्याचं वाईट वाटतं?"

"चार. घरातला आरसा झाकून ठेवलाय."

"धूळ बसते म्हणून झाकलाय," शिवांजली म्हणाली.

"बरं, धूळ." मनुबाई ब्राह्मीकडे वळल्या. "पोरी, तुज्या फॉर्मात धुळीचं खानं हाय का?"

ब्राह्मी हसली. शिवांजली हसली नाही.

"घरच्यांना आपला भार होतो, असं वाटतं?"

"एक."

"वाटतं. चार. पर भार-बिर काय न्हाई, तेबी लिव."

"तेवढी जागा नाहीये, मावशी."

"मग कडंला लिव."

शेवटचा प्रश्न भीतीचा होता. शिवांजलीने एक सांगितलं. मनुबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि चार सांगितलं.

"दर वेळी तुमचं असंच, मावशी. मॅडम एक म्हणतात, तुम्ही चार."

"ती म्हनंल. बापावर गेलीय. फौजेत असताना बर्फातनं पत्र टाकायचे, त्यात एवढंच. सर्व कुशल."

बाहेर रसवंतीवर मनुबाईंनी दोन ग्लास सांगितले. एक प्यायल्या, मग दुसराही त्यांनीच संपवला. भूक नाही म्हणून फॉर्मवर चार लिहायला सांगून अर्धा तासही झाला नव्हता.

"आई, तू वाढवून सांगतेस," रिक्षात शिवांजली म्हणाली. "डॉक्टर हे आकडे बघतात. त्यांनी डोस पुढे ढकलला तर? कमी केला तर? सहाच्या सहा पूर्ण झाले पाहिजेत."

"व्हतील की."

"असे आकडे सांगितलेस तर नाही होणार."

"डोस कमी करा म्हनाले का मी? उलटीची गोळी बदलून द्या, एवढंच म्हननं हाय. सांगितल्याबिगर कोन देतंय? तू चार पुस्तकं जास्त वाचलीस, पर तोंड उघडाय शिकली न्हाईस."

शिवांजली कॉलेजात शिकवत होती. पुस्तकांनी भरलेल्या तिच्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत मनुबाई चार महिन्यांपूर्वी लोणंदहून राहायला आल्या, त्या या उपचारांसाठीच. आल्या त्या दिवसापासून त्यांनी कुणापुढे रडगाणं गायलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र सगळं जिथल्या तिथे सांगितलं होतं. शिवांजलीला त्याचा राग यायचा. आणि आपल्याला हे कधी जमणार नाही, असंही वाटायचं.

संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला. डोस ठरल्याप्रमाणे मंगळवारीच, पूर्ण. उलटीची गोळी बदलली आहे.

"बघ," मनुबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी त्या उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या.

लोणंदहून माणसं आली. शिवांजलीच्या धाकट्या भावाने, मानसिंगने, अग्नी दिला. येणारी-जाणारी माणसं शिवांजलीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ती सगळ्यांना एकच सांगत होती, मी ठीक आहे. मानसिंग म्हणाला, "ताई, लोणंदला चल." ती म्हणाली, आधी हॉस्पिटलात जाऊन सांगायला हवं.

मंगळवारी ती गेली. भावाला तिने खालीच थांबायला सांगितलं.

ब्राह्मीने ऐकलं. मग तिने फाइल उघडली. मनुबाईंच्या एका फॉर्मच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'भार-बिर काही नाही.'

"लिहिलं होतं मी," ती म्हणाली. "गुरुवारी भरलेले फॉर्म आहेतच. आज राहू दे का, मॅडम?"

"नको. पुन्हा विचार."

ब्राह्मीने दोन कोरे फॉर्म काढले. 'सोबतच्या नातेवाइकासाठी' असं छापलेला तिने परत फाइलमध्ये ठेवला. दुसऱ्यावर, 'रुग्णाचे नाव' या शब्दांपुढे, तिने पाचही वेळा लिहिलं होतं तसंच शिवांजलीचं नाव लिहिलं. सिस्टरने सलाइन आणून टांगलं. शिवांजलीने डोक्याचा स्कार्फ सोडून उशाशी ठेवला, पलंगावर आडवी झाली आणि हात पुढे केला.

"भीती?" ब्राह्मीने शेवटचाच प्रश्न आधी विचारला.

"चार," शिवांजली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून चार."