सुईचा पत्ता

रविवारी दुपारी मी ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी ठेवली आणि नणंदेने दिलेल्या बिनतारी थर्मामीटरची सुई माझ्या हाताने कोंबडीत खुपसली. आतलं तापमान मोबाइलवर सेल्सियसमध्ये दिसतं. चौऱ्याहत्तरला भोंगा वाजला की कोंबडी झाली.

पण आकडा सदतिसावर अडून बसला.

"नणंदेची भेट, दुसरं काय!" म्हणत मी ओव्हन उघडला. कोंबडी चांगली खरपूस झाली होती. सुई मात्र नव्हती. तिच्या जागी नुसतं भोक होतं.

मी आणि नवऱ्याने स्वयंपाकघर पालथं घातलं. सुई जवळ असली की मोबाइलवर हिरवा ठिपका लागतो. तो ओट्यापाशी लागला नाही, कचऱ्याच्या डब्यापाशीही नाही. नवऱ्यापाशी गेले, तेव्हा लागला.

"खिसे दाखव."

त्याने खिसे उलटे केले. रिकामे. "मी गिळली म्हणतेस की काय?" तो खदाखदा हसला.

मीही हसले. ओव्हन बंद केला आणि पुन्हा मोबाइल पाहिला. चव्वेचाळीस. बघता बघता एकावन्न.

"अगं," शर्टाचं वरचं बटण सोडत तो म्हणाला, "ओव्हन नक्की बंद केलास ना? फार उकडतंय."