भावोजी

आमच्या गाड्या खपत नव्हत्या. नवा मालक म्हणाला, "मॅनेजर, शिवण विभाग बंद करा. सीटकव्हरं बाहेरून स्वस्तात शिवून घेऊ. नाहीतर अख्ख्या कारखान्याला कुलूप लागेल." मी हातापाया पडलो, उपयोग झाला नाही. खाली गेलो. माझी बायको शेवटच्या आजारापर्यंत याच विभागात तीच कव्हरं शिवायची. म्हणून इथल्या बायका मला भावोजी म्हणतात. "काय भावोजी, तोंड का पाडलंय? चहा संपलाय हं आमचा!" त्यांतली थोरली हसत म्हणाली. मी कसंबसं सांगितलं. एकेक मशीन थांबलं. "भावोजी, काहीतरी करा हो," एकजण कळवळून म्हणाली. मला मान वर करवेना. थोरली उठली. बायकोच्या मशीनवर तिची कात्री अजून तशीच होती, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. ती तिने माझ्या हातात ठेवली. "बरं झालं, ती आधीच गेली. घ्या, साहेब."