आपोआप उगवलेलं

झाडांच्या हिरव्या काळोखात महापालिकेच्या अधिकाऱ्याने सासऱ्यांना विचारलं होतं, की हे जंगल आपोआप उगवलं, की कुणी लावलं?

टेकडीच्या पायथ्याशी शहर घरघरत होतं, दबा धरून बसलेल्या जनावरासारखं. सासऱ्यांच्या जागी आता सूनच वनरक्षक होती. पण साक्ष त्यांची होती, तिची नव्हे.

नियम सरळ होता. जंगल आपोआप उगवलेलं असेल तर तो वारसा. त्याला हात लावायचा नाही. माणसाने लावलेलं असेल तर ती नुसती लागवड. तोडा आणि इमारती उठवा. ही टेकडी एके काळी बोडकी होती, असं त्या अधिकाऱ्याने कुठूनसं ऐकलं होतं. खरंखोटं सांगू शकेल असा एकच माणूस आता उरला होता.

"हे आधीपासूनच होतं," सासरे अखेर म्हणाले. "मी नुसता हिंडलो."

सुनेने रोखलेला श्वास सोडला. त्यांचं हिंडणं हा घरातला जुना विनोद होता. ह्यांना पाय झिजवायचा पगार मिळतो, असं सासूबाई हयात असताना म्हणत. अख्खा पावसाळा रानात काढतात आणि घरी आणतात काय, तर गुडघाभर चिखल.

अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचं, असं तो पुटपुटला. तपासणीला आलेल्या वनस्पतितज्ज्ञ बाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका खोडात पोकळ गिरमिट फिरवलं, आतली लाकडाची बारीक कांडी काढली, उजेडात धरून तिच्यावरची वर्षांची वलयं मोजली आणि ती खिशात टाकली. मग कितीतरी वेळ त्या उतारावर एकट्याच फिरत राहिल्या.

परतल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की लागवड रांगेने होते. इथे तीन झाडंसुद्धा एका रेषेत नाहीत.

"जंगल नैसर्गिक आहे. मी तसंच लिहिणार."

अधिकारी तोंड पाडून गाडीकडे निघून गेला. सुनेच्या छातीवरची धोंड उतरली. पानांतून झिरपणारा उजेड जणू आत्ताच कुणीतरी सोडवून आणला होता.

"बाबा, तुमचं हिंडणं कामी आलं हो," ती हसत म्हणाली. "आई असत्या, तर आज त्यांना शब्द मागे घ्यावे लागले असते."

सासरे गालातल्या गालात हसले.

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. अधिकारी दूर गेल्याची खात्री करून घेतली आणि सासऱ्यांजवळ येऊन आवाज खाली आणला.

"जाता जाता एकच विचारते. एवढं अख्खं जंगल मुद्दाम वाकडंतिकडं लावायचं, हे तुम्हाला तेव्हाच सुचलं होतं?"

सासऱ्यांनी शेजारच्या बुंध्यावरून एकदा हात फिरवला, आणि ते चढ चढू लागले.