पाच दाणे

हॅरिएटनं प्रत्येक ताटात मक्याचे भाजलेले पाच दाणे ठेवले. आधी दाणे, मग टर्की. थँक्सगिव्हिंगला या घरात तसंच चालतं. एकेक दाणा उचलायचा, कशाबद्दल देवाचे आभार ते सांगायचं आणि चावायचा.

"समुद्रापलीकडून इथं आल्यावर त्या पहिल्या हिवाळ्यात आपल्या पूर्वजांना दिवसाला एवढंच मिळायचं," ती म्हणाली. "सुरुवात नवी सून करते. चल, लिओना."

लिओनानं दाणे मुठीत घेतले. सकाळपासून ती उपाशी होती. तिच्या वाम्पानोआग जमातीच्या माणसांना, इथल्या मूळ रहिवाशांना, आज सण नसतो, सुतक असतं. "नुसती येऊन बस. आईनं काही काढलंच तर मी बोलेन," असं एल्यट गाडीत म्हणाला होता. नवऱ्याच्या त्या शब्दावर ती आली होती.

"हा मका त्यांना कुठून मिळाला?" तिनं विचारलं.

"तुमच्याच लोकांनी दिला की," हॅरिएट हसली. "मोठ्या मनानं."

"दिला नाही. पुढच्या पेरणीचं बी होतं ते. टोपल्यांत भरून वाळूत पुरलेलं. तुमच्या लोकांनी उकरून नेलं. थडगीसुद्धा सोडली नाहीत."

सासरा, वॉरन, सुरीला धार लावत होता. त्याचा हात थांबला. "चारशे वर्षं झाली, पोरी. टर्की गार होतेय."

"चारशे वर्षांपूर्वीची भूक बरी लक्षात राहिली. चोरी तेवढी विसरलात."

एल्यट मान खाली घालून रुमालाची घडी घालत बसला होता.

हॅरिएटचं हसू गेलं. "माझ्या टेबलावर हे चालायचं नाही. ज्याला दाणे नकोत, त्याला जेवणही नको."

लिओना उठली. खुर्चीवरचा कोट घेतला, दारापर्यंत गेली. मूठ मिटलेलीच होती.

"एल्यट, येतोयस ना?"

"सून नको म्हणतेय, तर मुलगा सुरुवात करेल," हॅरिएट म्हणाली. आवाज अगदी गोड. "हं, बाळा."

एल्यटनं दाराकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग ताटातला एक दाणा उचलला.

"घरच्या माणसांबद्दल," तो पुटपुटला आणि दाणा तोंडात टाकला.

दाणा कडक भाजलेला होता. फुटला तो आवाज दारापर्यंत ऐकू आला.