हिरव्या रेक्झिनचा परग्रहवासी

“आता येईल बघा!” मागून कुणीतरी ओरडलं आणि कॉलेजचा हॉल आधीच हसायला लागला. असले टुकार सिनेमे बघायला म्हणे हल्ली मुलं गर्दी करतात.

पडद्यावर हिरव्या रेक्झिनमधला परग्रहवासी हिरॉइनवर झेपावला, मध्येच थांबला, नाकावर नसलेला चष्मा त्याने बोटाने वर सरकवला आणि पुन्हा झेपावला. शिट्ट्यांनी हॉल दणाणला.

तो वेश मीच शिवला होता. आत आमचे हे होते. मुखवट्यात चष्मा मावेना, म्हणून काढून माझ्या हातात दिला होता. चूक सगळ्यांना दिसली. पण फिल्म महाग, दुसरा टेक परवडायचा नाही. “राहू दे, वहिनी,” दिग्दर्शक म्हणाले, “कोण बघतंय!” अख्ख्या सिनेमात यांचा चेहरा कुठेच नाही.

“आजी, कंटाळलात का?” शेजारच्या मुलीने विचारलं.

“नाही गं. तेवढंच परत लावतील का?”

लावलं. हॉल पुन्हा हसला. हे गेल्यापासून पर्समध्येच असलेला चष्मा मी अंधारात हातात धरला, तेव्हा कॅमेऱ्यामागे धरला होता तसाच. सीन संपला की हे मागतील म्हणून.