चाकापुढचं लिंबू

"पावसात ब्रेक लागलेच पाहिजेत," मी दुकानदाराला बजावलं. डिस्क ब्रेक, रुंद टायर, लांब मडगार्ड, सगळं पारखून निळी सायकल निवडली. नवरा हसून म्हणाला, "घे, तुझ्या मनासारखी घे."

घरी मी हेल्मेट घालून खोलीबाहेर आले, तर त्यानं गॅलरीत सायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये आवळून टाकलं होतं. "निसरड्यात धडपडलीस म्हणजे? इथंच मार पेडल. किलोमीटर मोजायला मीटरही आणलाय."

सासूबाईंनी सायकलला हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाशी लिंबू ठेवलं. "चिरडून पुढं जा गं, दृष्ट लागणार नाही."

बाहेर पाऊस कोसळत होता. मीटरवर वीस किलोमीटर झाले, तेव्हा मी खाली पाहिलं.

लिंबू अख्खंच होतं.