सत्तेचाळिसावा प्रश्न

मास्तरांनी वाक्य दुरुस्त केलं, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि पाहतात तर जुनं वाक्य संगणकाच्या पडद्यावर परत हजर. “माणूस चिंपांझीपासून उत्क्रांत झाला.” खाली शेरा होता: “मान्यताप्राप्त पुस्तकातला मजकूर काढू नये. – कोतवाल.”

“पाचव्यांदा!” मास्तर ओरडले. “या माणसाला दुसरा उद्योग नाही का?”

“तुम्हाला तरी कुठे आहे, आजोबा?” नात म्हणाली. ती खिडकीपाशी बसून नखं खात होती.

मास्तरांना उद्योग होता आणि तो तिच्यासाठीच होता. पशुवैद्यक कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत पोरगी एका गुणाने मागे पडली होती. प्रतीक्षायादीत पहिली. सात वर्षांची असल्यापासून ती गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यांना पट्ट्या बांधत आली होती. दुसरं काही तिला व्हायचंच नव्हतं. आणि सत्तेचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर परीक्षा मंडळाने धडधडीत चुकीचं धरलं होतं. माणूस म्हणे चिंपांझीपासून झाला!

मास्तरांनी अडतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. माणूस आणि चिंपांझी ही चुलत भावंडं, दोघांचा पूर्वज एकच, हे त्यांनी नातीला ती फ्रॉकात असताना समजावलं होतं. चुलतभाऊ कधी कुणाचा बाप होतो का? तेव्हा मंडळाने तिचा हक्काचा गुण खाल्ला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ते मंडळाच्या कचेरीत गेले. कारकुनाने पाठ्यपुस्तक पुढे सरकवलं. पुस्तकच चुकलंय म्हटल्यावर तो म्हणाला, “आमच्या तज्ज्ञांनी ज्ञानकोशसुद्धा पाहिला, गुरुजी. तिथेही हेच आहे. तिथलं बदललं तर महिनाअखेरच्या आत या. मग बघू.”

हा ज्ञानकोश इंटरनेटवरचा. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं. राखणारे सगळे हौशी, बिनपगारी; हा कोतवाल त्यांतलाच एक. आणि बिनपगारी माणसाइतका कडक अंमलदार जगात दुसरा नाही. मास्तरांनी परदेशी ग्रंथांचे दाखले दिले. ते इथे कुणाला तपासता येत नाहीत, असं कोतवालाने कळवलं. मास्तरांनी त्या लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लांबलचक धडाच लिहिला. कोतवालाने दोन ओळींत उत्तर दिलं: “आपण बरोबर असालही. पण इथे खरं काय ते चालत नाही, छापलेलं काय ते चालतं.” सहाव्या दुरुस्तीनंतर मास्तरांना दोन दिवस लिहायला बंदी झाली.

त्या दिवशी त्यांना रडू आलं. अडतीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणीच ओतलं म्हणायचं. त्यांच्यासारख्यांच्या वर्गात बसलेल्या कुणीतरीच ते पुस्तक लिहिलं होतं, कुणी ते तपासलं होतं, कुणी त्यावरून प्रश्न काढला होता.

“जाऊ द्या ना, आजोबा,” नात म्हणाली. “दरवर्षी चार-पाच जण जागा सोडतातच. माझा नंबर लागेल. कशाला खाजवून खरूज काढायची?”

“कुणी सोडेल म्हणून आशाळभूतासारखं बसायचं? तुझा हक्काचा गुण आहे तो!”

ती काहीतरी बोलणार होती. मग त्यांचा रिकामा पेला उचलून पाणी आणायला गेली.

बंदीच्या त्या दोन दिवसांत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मास्तर त्या पानाचा इतिहास वाचत बसले. कोणतं वाक्य कुणी कधी घातलं, याची तिथे तारीखवार नोंद असते. चिंपांझीचं वाक्य नऊ वर्षांपूर्वी कुण्या निनावी माणसाने, कसलाही संदर्भ न देता घातलं होतं. पुस्तक छापलं गेलं सहा वर्षांपूर्वी. मास्तरांनी दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवले. शब्द न् शब्द तोच! पुस्तकाने ज्ञानकोशातून उचललं आणि आता ज्ञानकोश त्याच पुस्तकाकडे बोट दाखवत होता.

बंदी उठताच त्यांनी हे चर्चापानावर मांडलं. दिवसभर कोतवालाचा पत्ता नव्हता. संध्याकाळी एकच ओळ आली: “नक्कल हा पुरावा होत नाही. वाक्य काढत आहे. माफ करा, सर.”

मास्तर खुर्चीतून उठून चक्क नाचले. नात दारात उभी होती.

“तो मानेल असं मला वाटलं नव्हतं,” ती म्हणाली.

“अगं, सत्य आहे ते!” मास्तर म्हणाले. “चेहरा काय असा करतेस? ऊठसूट कुत्र्यांच्या मागे धावतेस, आता रीतसर धाव.”

मंडळाने महिनाअखेरीला उत्तर बदललं आणि सगळ्यांचे गुण नव्याने मोजले. सुधारित यादी कचेरीच्या भिंतीवर लागली. मास्तरांनी निवडयादीवरून दोनदा बोट फिरवलं. नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत पहिल्या जागीही नव्हतं. ते सापडलं एकतिसाव्या जागी.

“गाढव आहेत लेकाचे!” त्यांचा आवाज चिरकला. “गुण द्यायचा सोडून उलट कापला. चल, उत्तरपत्रिकाच काढायला लावतो त्या कारकुनाला.”

नातीने त्यांची बाही घट्ट धरली.

“आजोबा,” ती म्हणाली, “मी पुस्तकातलंच उत्तर लिहिलं होतं.”